रेती धुण्याआधी : प्रस्तावना

वऱ्हाडातल्या नद्यांमध्ये सोने नाही. ही पुस्तिका रेती धुऊन सोने शोधण्याच्या छंदावर आहे आणि अमरावती-अकोल्याच्या वाचकांसाठी लिहिलेली आहे, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, पेढी, शहानूर, चंद्रभागा, यांतल्या कोणत्याही नदीच्या काठी दिवसभर परात हलवत बसलात तरी संध्याकाळी तळाशी पिवळा कण उरायचा नाही. तरीही परात घेऊन बसावे असे माझे म्हणणे आहे. ते का, हे या प्रस्तावनेत मांडतो.

२०२५ साली दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. लग्नाचे दागिने ठरवणाऱ्या घरांत त्याची चर्चा झाली, तशी पोराटोरांतही झाली. मोबाइलवर कॅलिफोर्नियातले, ऑस्ट्रेलियातले लोक ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून पसरट भांड्यात रेती फिरवताना दिसतात आणि शेवटी बोटाच्या टोकावर एक चमकता ठिपका दाखवतात. ते पाहून पोरे विचारतात, आपल्या नदीत का नाही? प्रश्न फार चांगला आहे. ‘नाही म्हणजे नाही’ असे सांगून तो मिटवला, तर आपल्या पायाखालची जमीन समजून घेण्याची एक चांगली संधी हातची जाते.

सोने तसे पृथ्वीच्या कवचात सगळीकडे आहे, पण एक टन खडकात सरासरी ४ मिलिग्रॅमच्या आसपास. इतके विखुरलेले सोने कोणाच्याही उपयोगाचे नसते. ते एका जागी गोळा व्हावे लागते आणि ते काम करते जमिनीखालचे कढत पाणी. खोल तापलेल्या खडकांतून फिरताना हे पाणी सोने विरघळवून घेते, भेगांतून वर येताना निवते आणि गारेच्या पांढऱ्या शिरांमध्ये सोने सोडून देते. पुढे ऊन-पावसाने त्या शिरा फुटतात, कण सुटे होतात आणि ओढ्यांतून नदीत उतरतात. कर्नाटकातले कोलार आणि हुट्टी या अशाच शिरांच्या जागा. तिथले खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, हुट्टीची चालू आहे.

आपल्याकडचा काळा दगड त्या मानाने अगदी अलीकडचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले, तोच हा बेसाल्ट. गाविलगडचे कडे त्याचे, चिखलदऱ्याचे पठार त्याचे, आणि कपाशीची काळी माती त्याचाच भुगा. या खडकातूनही पुढे पाणी फिरले. थिजताना वायूंचे बुडबुडे अडकून जी पोकळी राहिली होती ती त्या पाण्याने भरून काढली, पण सोन्याने नव्हे. अकीक, गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइटचे सुयांसारखे पांढरे स्फटिक त्याने तिथे ठेवले. म्हणून वऱ्हाडातल्या कोणत्याही नाल्यात वाकून पाहिले तर पट्ट्यापट्ट्यांचा, धुरकट निळा किंवा तांबूस अर्धपारदर्शक खडा सापडतो. आपल्या नद्यांचे धन ते आहे. कोणी त्याला कमी लेखू नये.

पूर्णेच्या खोऱ्यात तर खडकापर्यंत पोचणेही अवघड. सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांमध्ये जमीन खचत गेली आणि नदीने तिथे गाळ भरला. काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरहून जाड आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूचा खारपाण पट्टा म्हणजे याच गाळाचा प्रदेश. तिथल्या विहिरीचे पाणी ज्याने तोंडाला लावले आहे त्याला हा गाळ वेगळा समजावून सांगायला नको. जड कण नेहमी तळाच्या खडकावर जाऊन बसतात, हा रेती धुण्यातला पहिला नियम. इथे तो तळच माणसाच्या हाताबाहेर आहे.

वऱ्हाडात एक अपवादाची जागा आहे आणि ती मला फार प्रिय आहे. मोर्शी तालुक्यातले सालबर्डी, मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे. महाशिवरात्रीच्या यात्रेला जाणाऱ्या हजारो लोकांना तिथली गुहा आणि महादेव ठाऊक असतो, पण पायाखाली काय आहे याकडे फारसे लक्ष जात नाही. तिथे बेसाल्टचे पांघरूण फाटले आहे. आतून गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि त्यांच्याही खालचा अतिप्राचीन नाईस खडक उघडा पडला आहे. अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या संशोधकांनी याच परिसरातल्या लॅमेटा थरांतून डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म नोंदवले आहेत. सालबर्डीच्या नदीतली मूठभर रेती आणि मोर्णेतली मूठभर रेती शेजारी शेजारी कागदावर पसरून पाहा. पहिलीत गारेचे स्वच्छ दाणे आणि अभ्रकाचे चमचमते पापुद्रे दिसतील, दुसरी काळपट, दगडाच्या कचऱ्याने भरलेली असेल. हा फरक पाहायला भिंगसुद्धा लागत नाही. सालबर्डीतही सोने मिळेल असे मी म्हणत नाही. दोन नद्यांची रेती दोन वेगळे इतिहास सांगते, एवढे मात्र तिथे डोळ्यांना दिसते.

आता मूळ कलेकडे. ज्यांनी घरी आजीला किंवा आईला पाण्यात तांदूळ रोळताना पाहिले आहे त्यांना परातीची क्रिया नवी वाटणार नाही. पाण्याखाली भांडे गोल हलवायचे, हलके वर आले की कडेवरून सोडून द्यायचे, जड ते तळाशी राखायचे. फरक इतकाच की रोळताना खडा टाकायचा आणि धान्य ठेवायचे असते, इथे तळाचा खडाच हवा असतो. सगळा खेळ वजनाचा आहे. पाण्याची घनता १ धरली तर गारेची २.६५, बेसाल्टची ३ च्या आसपास, काळ्या चुंबकीय लोहखनिजाची, म्हणजे मॅग्नेटाइटची, ५.२ आणि सोन्याची १९.३. सोने रेतीच्या सातपट जड असल्यामुळे ते पाण्यात रेतीसोबत वाहत नाही, मागे राहते. वळणाच्या आतल्या बाजूला जिथे प्रवाह मंदावतो तिथे, मोठ्या दगडाच्या आडोशाला, तळखडकाच्या भेगेत, गोट्यांच्या थराच्या अगदी खाली. जगातल्या कुठल्याही नदीवरचा सोने धुणारा याच चार जागा पाहतो.

वऱ्हाडच्या नदीत या चार जागांवरची रेती धुतली तर तळाशी काय उरते? बोटाच्या पेराएवढी काळीभोर, बारीक, जड रेती. ती वाळवा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. निम्मीअधिक रेती उभी राहून चुंबकामागे धावेल. बेसाल्टमधले मॅग्नेटाइट आहे ते. न हललेल्या रेतीत इल्मेनाइट असते आणि इतर जड खनिजांचे दाणे असतात. सोन्याच्या नदीतही सोन्याच्या आधी हीच काळी रेती येते, आणि ती नीट राखता आली तरच पुढे सोने राखता येते. म्हणजे अकोल्याच्या मुलाला कला पूर्ण शिकता येते, फक्त शेवटचा पिवळा ठिपका तेवढा नसतो. सरावासाठी सायकलचे बारीक छर्रे रेतीत मोजून मिसळावेत आणि धुऊन झाल्यावर मोजून घ्यावेत. पोलाद सोन्याच्या निम्म्याहूनही हलके आहे. ज्याच्या परातीतून एकही छर्रा निसटत नाही त्याच्या हातून सोनेही निसटणार नाही.

माझ्या मते भूगोलाच्या पुस्तकातला धडा आणि नदीचा काठ यांच्यात आपल्या शाळांनी जे अंतर ठेवले आहे ते फार आहे. ‘दख्खनचे पठार बेसाल्टचे बनलेले आहे’ हे वाक्य पाठ असलेला मुलगा त्याच बेसाल्टवर रोज चालतो आणि त्याला ते माहीत नसते. परात, चाळणी, चुंबक आणि एक पांढरा कागद एवढ्या सामानात हे अंतर मिटते. या छंदाची मी शिफारस करतो ती यासाठी.

सोने मात्र आपल्यापासून फार दूर नाही. नागपूर ओलांडून पूर्वेला गेले की बेसाल्ट संपतो आणि शंभर कोटी वर्षांहून जुने खडक सुरू होतात. नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि भंडाऱ्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्यासाठी शोध घेतलेला आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटमधून गोंदिया-भंडाऱ्यात येते आणि तिच्या खोऱ्यात हे जुने खडक आहेत. आपली वर्धा नदी मुलताईजवळ उगम पावून मोर्शी, कौंडण्यपूर असा प्रवास करत जाते, ती वरच्या भागात बहुतेक बेसाल्टवरून. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ या दोन नद्या भेटतात आणि प्राणहिता होते. एकाच विदर्भातल्या दोन नद्यांत इतका फरक असावा, यातच सगळे भूशास्त्र आले.

त्या पूर्वेच्या नद्यांवर सोने धुण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे लोक आहेत आणि या पुस्तिकेत त्यांचे नाव सर्वांत आधी यायला हवे. सोनझारी. बालाघाट, मंडला आणि छत्तीसगढच्या नद्यांवर सोने धुणाऱ्या या समाजाची नोंद आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरील ग्रंथात केली आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली ‘सोनझारी झरेका’ हे नाव आजही आहे. लाकडी उथळ पात्र, नदीची नजर आणि तासन्‌तास ओणवे राहण्याची ताकद, इतक्या भांडवलावर ही माणसे जगत आली. आपण ज्याला छंद म्हणतो ते त्यांचे पोट होते. पूर ओसरल्यावर कोणत्या वळणावर नवी रेती साचली आणि ती धुण्याजोगी आहे की नाही, हे त्यांना पाहताक्षणी कळते. हे ज्ञान त्यांनी कधी लिहून ठेवले नाही आणि इतरांनीही ते विचारून घेतले नाही. ही आपल्या विद्यापीठांच्या कामातली मोठी उणीव आहे असे मला ठामपणे वाटते.

छत्तीसगढमधल्या जोंक नदीच्या परिसरातले सोनाखान हे नाव याच संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिथले जमीनदार वीर नारायण सिंह यांना इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूरला फाशी दिले, हे अनेकांना माहीत असते. त्याच सोनाखानच्या बाघमारा क्षेत्राचा २०१६ साली लिलाव झाला. देशातल्या सोन्याच्या खाणीचा तो पहिला लिलाव होता आणि वेदांता कंपनीने तो जिंकला. नदीत पिढ्यान्‌पिढ्या सापडणारे कण वरच्या डोंगरात काय दडले आहे ते सांगत असतात, आणि खाणवाले शेवटी त्याच मागावरून वर चढतात.

वऱ्हाडात सोने आले ते नदीतून नाही, कापसातून. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. अकोला, अमरावती, खामगाव या बाजारपेठा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर सराफाही वाढला. खामगावची चांदी आजही नाव राखून आहे. शेतकऱ्याच्या घरात कापसाचा पैसा आला की तो पोत, एकदाणी, पाटल्या होऊन टिकायचा, आणि दुष्काळात तेच दागिने पुन्हा सराफाकडे जायचे. कानसेने घासताना, जाळीचे काम करताना, झिलई देताना सोन्याची धूळ उडते. ती बाकड्याखाली, चटईत, कारागिराच्या कपड्यांत आणि शेवटी गटारात जाते.

तिथे झारेकरी येतो. सराफ्याच्या गल्लीत उजाडायच्या आत झाडू, ब्रश आणि घमेले घेऊन गल्लीची धूळ गोळा करणारी माणसे कित्येकांनी पाहिली असतील. त्यांना कचरावेचक समजून लोक पुढे जातात. प्रत्यक्षात संपूर्ण वऱ्हाडात रेती धुण्याची कला कोणाला पूर्ण येत असेल तर ती या माणसांना. दुकानाचा केर ते विकत घेतात, जाळतात, कुटतात, चाळतात आणि मग घमेल्यात धुतात. वर सांगितलेली काळी रेती इथेही तळाला उरते आणि तिच्यात सोन्याचा कीस असतो. पुढचे काम गलाईवाल्याचे. सोने वितळवून, तेजाबाने चांदी-तांबे वेगळे करून, टंच काढून लगडी देणारी ही गलाईची दुकाने भारतभरच्या सराफ्यांत आहेत आणि त्यांतली पुष्कळ सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून गेलेल्या कुटुंबांची आहेत. माणदेशाच्या कडेचा माणूस पोटासाठी देशभर गेला आणि मूस-भट्टीत निष्णात झाला, ही महाराष्ट्राच्या स्थलांतराची एक मोठी गोष्ट आहे. तिच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे.

या कामाची एक काळी बाजू आहे आणि छंद करणाऱ्याने ती जाणून घेतलीच पाहिजे. बारीक कीस हाताने वेचता येत नाही, म्हणून त्यात पारा घालतात. पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा फडक्यातून पिळून तापवतात, पारा उडून जातो आणि सोने राहते. उडून गेलेला पारा श्वासातून माणसात जातो, पावसाबरोबर पाण्यात उतरतो, माशांत साठतो. माणसाच्या व्यवहारातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा जगातला सर्वांत मोठा स्रोत हातावरचे सोने-धुणे हाच आहे. त्याला आळा घालण्यासाठी मिनामाता करार झाला, तो २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. झारेकऱ्याला पोटासाठी हा धोका पत्करावा लागतो. छंद म्हणून परात हाती घेणाऱ्याने पारा किंवा तेजाब यांना स्पर्शही करू नये. या पुस्तिकेत पाऱ्याची कृती मुद्दाम दिलेली नाही.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात कोणीही माणूस शुल्क भरून ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना घेतो आणि हातातल्या साध्या अवजारांनी सोने शोधतो, मिळाले तर ते त्याचे. मेलबर्नला गेलेली मराठी कुटुंबे सुट्टीत बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला मुलांना घेऊन जातात, ती तिथल्या ओढ्यात परात हलवायलाच. १८५१ च्या तिथल्या सुवर्णधावेची ती आठवण आहे. आपल्याकडे असा परवाना नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क शासनाचा आहे. सोन्याचा शोध घ्यायला किंवा ते काढायला १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली परवानगी लागते. रेती तर आज सर्वांत वादाची वस्तू. रेतीघाटांचे लिलाव, रात्रीचे ट्रॅक्टर, महसूल पथकांवरचे हल्ले हे सगळे पूर्णा आणि वर्धेच्या काठच्या लोकांनी पाहिलेले आहे. म्हणून आपला नियम एकच ठेवावा: घमेलेभर रेती तिथेच धुवावी, पाहावी आणि तिथेच परत टाकावी. नदीत जुने नाणे किंवा दागिना सापडला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कौंडण्यपूर हे तर उत्खनन झालेले प्राचीन स्थळ आहे. तिथे काठ उकरणे म्हणजे आपलाच इतिहास मोडणे. मेळघाटात सिपना किंवा खापरा नदीवर परात घेऊन जाऊ नये, तो व्याघ्रप्रकल्प आहे आणि तिथून दगडही उचलायचा नसतो. ऋणमोचनसारख्या तीर्थाच्या घाटाखाली, जिथे लोकांनी आपल्या माणसांच्या अस्थी सोडल्या आहेत, तिथेही हा छंद नको.

पुढच्या प्रकरणांत परात कशी निवडावी, चाळण्या कोणत्या, रेतीची नोंद कशी ठेवावी आणि अभ्रक, माक्षिक व सोने यांतला फरक कसा ओळखावा, हे क्रमाने दिले आहे. नखाने सोलले की अभ्रकाचा पापुद्रा निघतो, हातोडीखाली माक्षिकाचा चुरा होतो, सोने मात्र चपटे होते. एवढे ज्याला कळले त्याला कोणी पिवळ्या रेतीच्या नावाखाली फसवू शकणार नाही, आणि भाव चढला की फसवणारेही वाढतात.

शेवटची विनंती पालकांना आणि शिक्षकांना. पावसाळ्यात, आणि वर सातपुड्यात पाऊस चालू असताना, मुलांना नदीत उतरवू नका. दिवाळीनंतर पाणी निवळले की जा. रेतीच्या उपशाने पात्रात पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात त्यात मुले बुडतात. घोट्याच्या वर पाणी असेल तिथे परात मांडायची नाही, आणि पोहता येणारा मोठा माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना काठावर पाठवायचे नाही.